तिकिटाआधी ती तारीख बघ

अगं, आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघालीयस, जा, जायलाच हवं. फक्त तिकीट काढण्याआधी व्हीव्हो या व्हिसा तपासायच्या सरकारी साइटवर जाऊन तुझ्या पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या व्हिसावर, प्रवासाची मुभा कुठल्या तारखेपर्यंत आहे ते बघ.

ऑस्ट्रेलियात राहायला पीआरला मुदत नाही, पण बाहेर जाऊन परत यायला आहे. सहसा पीआर मिळाल्यापासून 5 वर्षं. इथेच राहिलीस तर ती तारीख येते नि जाते, काही अडत नाही, म्हणून ती कुणाच्या ध्यानातच राहत नाही. आणि ती उलटल्यावर तू तिकडे असलीस, तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडवतील.

तारीख जवळ आली असेल तर निघण्याआधी, इथूनच, रेसिडेंट रिटर्न व्हिसाचा अर्ज कर. 155 म्हणतात तो. मागच्या 5 वर्षांत मिळून 2 वर्षं, म्हणजे 730 दिवस, पीआर म्हणून इथे राहिली असलीस तर पुन्हा 5 वर्षं मिळतात. दिवस सलग नसले तरी चालतं. स्टुडंट व्हिसावरचे मात्र धरत नाहीत.

मला खरी काळजी आहे ती या दिवसांची. बाळंतपणाला माहेरी आपण जातो, सासऱ्यांच्या दुखण्याला आपणच राहतो, मुलांना आजीकडे आपणच नेतो. नवरा इथे नोकरीत, त्याचे दिवस आपसूक भरतात. मग एकाच घरात त्याला 5 वर्षं आणि तिला जेमतेम 1, तेही नोकरी, घर, कुटुंब असे इथले घट्ट धागे कागदोपत्री दाखवून. तेवढंही जमलं नाही तर 157 नंबरचा व्हिसा, फक्त 3 महिन्यांचा, आणि तुला देश का सोडावा लागला याचं कारण तसंच गंभीर हवं. म्हणून आईचे हॉस्पिटलचे कागद आत्तापासून एका फाइलमध्ये ठेव.

पिल्लूचा व्हिसा वेगळा, त्याचीही तारीख बघ. पासपोर्ट नवा केला असशील तर त्याचा नंबर इमीअकाउंटमध्ये, म्हणजे तुझ्या व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात, कळव.

नागरिकत्व घेतलंस की हा प्रश्नच मिटतो, पण भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, ओसीआय कार्डावर राहावं लागतं. त्यात मी तुला घाई करणार नाही.

जुन्या पासपोर्टवरचे मुंबईचे शिक्के बघून जाण्यायेण्याच्या तारखा लिहून काढ. रविवारी घेऊन ये, बेरीज आपण दोघी करू.