पिकाच्या भावासाठीं सरकारी साहाय्य : तें कोणाच्या हातीं पडतें?

सरकारनें शेतकऱ्यांस मदत दिली, एवढें ऐकून पुष्कळांचें समाधान होतें. परंतु ती मदत कोणाच्या नांवें लिहिली गेली, हें थोडेच विचारितात. या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व अमेरिकेच्या आर्कान्सा संस्थानांतील पॉइन्सेट जिल्ह्याच्या हकिकतीवरून चांगलें समजतें. ती वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावी.

१. संकट. पॉइन्सेट हा कापूस पिकविणारा जिल्हा. १९२९ सालीं तिकडे एक पौंड रुईस सुमारें १७ सेंट मिळत. १९३२ च्या सुमारास ६ सेंट मिळणेंही कठीण झालें. (सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा हिस्सा.) माल उदंड व गिऱ्हाईक थोडें, अशी स्थिति होती.

२. उपाय. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत मे १९३३ मध्यें कायदा झाला. त्याचें तत्त्व असें कीं, पेरा कमी केला म्हणजे भाव चढेल. म्हणून जो जमीन पडीक ठेवील त्यास सरकारानें रोख रक्कम द्यावी. हा पैसा गिरणीवाले इत्यादिकांवर कर बसवून उभा करण्यांत आला. त्या वर्षीं पेरणी अगोदरच झालेली असल्यामुळें सुमारें १ कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकण्यांत आला. भाव पुष्कळ सुधारला.

३. दोष. परंतु पॉइन्सेटमधील बहुतेक कष्टकरी जमिनीचे मालक नव्हते; ते अर्धेलीनें शेत करणारे बटाईदार होते. करार झाला तो सरकार व मालक यांच्यामध्यें. १९३४ च्या करारान्वयें पौंडामागें ४॥ सेंट मिळावयाचे. त्यांपैकीं ३॥ सेंट जमिनीचें भाडें म्हणून मालकाचे. उरलेल्या एका सेंटांतील अर्धा बटाईदाराचा. म्हणजे नऊ भागांतील एकच भाग त्याच्या वांट्यास आला. शिवाय पेरा घटल्यानें माणसें कमी लागूं लागलीं, व अनेक कुटुंबांस घर सोडावें लागलें. कुळें शक्य तोंवर ठेवावीं असें करारांत होतें. पण "शक्य तोंवर" या दोन शब्दांतून मालकास वाट मोकळी राहिली.

४. प्रतिकार. जुलै १९३४ मध्यें त्याच जिल्ह्यांतील टायरोंझा गांवाजवळ ११ गोरे व ७ काळे पुरुष एकत्र जमले, आणि त्यांनीं दक्षिणेकडील कुळांचा संघ स्थापिला. जेथें हे दोन वर्ण एका बांकावर बसत नसत, तेथें ही गोष्ट लहान नव्हे. काळ्या मंडळ्यांतील उपदेशक मॅकिनी हे त्याचे उपाध्यक्ष झाले. सभासदांस मारहाण व तुरुंगवास सोसावा लागला. तथापि त्यांचें गाऱ्हाणें देशभर पोहोंचलें. जानेवारी १९३६ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें पहिला कायदा रद्द ठरविला. आणि १९३८ च्या कायद्यान्वयें, पिकांत ज्याचा जेवढा हिस्सा तेवढाच मदतींत, असा नियम झाला. तेव्हां कित्येक मालकांनीं बटाईदार काढून रोजंदार मजूर ठेविले. कारण मजुरास हिस्सा नसतो.

५. बोध. भावाची हमी ही चांगली वस्तु आहे. तिजवांचून पॉइन्सेटचे मालकही बुडाले असते. परंतु पाण्याचा पाट ज्याच्या बांधापर्यंत काढलेला असतो, त्याचेंच शेत भिजतें. नियम लिहितांना ज्याचें नांव गळलें, त्याच्या घामाची नोंद दफ्तरांत होत नाहीं. म्हणून कागदावर आंगठा करण्यापूर्वीं तो वाचवून घ्यावा. आणि ज्यास वाचतां येतें त्यानें शेजाऱ्यास तो संथपणें, एकही अट न गाळतां, वाचून दाखवावा.

विचार करण्यासाठीं प्रश्न :
(१) भाव चढला असतां बटाईदाराची स्थिति कां सुधारली नाहीं?
(२) "शक्य तोंवर" या शब्दांनीं कोणाचें रक्षण झालें?
(३) १९३८ चा नियम न्याय्य असूनही अपुरा कां पडला?
(४) आपल्या गांवीं मदत येते तेव्हां कागद कोणाच्या नांवें होतो, आणि काम कोण करितो?