कळसूबाईशेजारचा कुलंग



आपल्या अकोले तालुक्यातील कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. त्याच रांगेत पश्चिमेला कुलंगगड आहे. उंची सुमारे १४७० मीटर. चढण दमवणारी, पण माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तरी त्याची ओळख आपण कळसूबाईवरूनच करून देतो!

३० नोव्हेंबरला ज्यांचा सण असतो, त्या संत अंद्रिया यांचेही असेच झाले. शुभवर्तमानात त्यांची ओळख ‘शिमोन पेत्राचा भाऊ’ अशी होते. वास्तविक पेत्राला प्रभू येशूकडे आणले ते अंद्रियांनीच. पाच भाकरी व दोन मासे असलेल्या मुलाविषयी प्रभूला सांगितले तेही त्यांनीच. पुढे प्रभूने रूपांतराच्या वेळी पेत्र, याकोब व योहान यांना डोंगरावर नेले. अंद्रिया खालीच राहिले. तरी स्वर्गारोहणानंतर माडीवर प्रार्थनेसाठी जमलेल्या प्रेषितांत त्यांचे नाव आहे. ते रुसून गेले नाहीत.

घरात भावाचे, धर्मग्रामात दुसऱ्याचे नाव मोठे झाले की आपल्या मनात सल राहतो. या आठवड्यात आपण स्वतःला विचारू या : आपण शेजारच्या शिखराची उंची मोजत बसलो आहोत, की आपल्या टाक्यातले पाणी तहानलेल्याला देत आहोत?