परगावच्या कुस्त्यांना जाताना : आधी परतीचा बंदोबस्त
(सभासद शिक्षण पाठ)



बेणे कोणते घ्यावे, खताचा हप्ता कधी द्यावा, तोडीची नोंद कशी करावी, हे आपण या पानावर नेहमी वाचतो. आजचा पाठ थोडा वेगळा आहे. गळीत हंगाम भरात असतानाच दरवर्षी पारावर एक विषय निघतो, "यंदा महाराष्ट्र केसरी कुठं हाय?" मग पाच-पंचवीस जण ठरवतात आणि निघतात. जाण्यात गैर काहीच नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार घटका कुस्ती बघावी, पोरांना दाखवावी. पण या जाण्यात पैसा कुठे गळतो आणि जीव कुठे धोक्यात येतो, याचा विचार आपण करीत नाही. तो आज करू.

ठिकाण आधी पक्के करा

ही स्पर्धा एका गावाला बांधलेली नाही. 1961 साली पहिली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला झाली. अलीकडचे बघा. 2018 च्या डिसेंबरात जालना, 2020 च्या जानेवारीत पुण्याजवळ बालेवाडी, 2022 च्या एप्रिलमध्ये सातारा, 2023 च्या जानेवारीत पुण्यातच पण कोथरूडला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर. शिवाय कुस्तीच्या संघटनांत दोन तट पडल्याने 2025 साली त्याच जिल्ह्यात, मार्चमध्ये कर्जतलाही याच नावाची स्पर्धा झाली. म्हणजे नाव एक आणि ठिकाणे दोन. तेव्हा कोणती स्पर्धा, कोणते मैदान, कोणती तारीख, हे लिहून घेतल्याशिवाय गाडीला विसार देऊ नये.

मैदान शहरात नेमके कुठे आहे यावर निम्मा खर्च ठरतो. साताऱ्याचे शाहू स्टेडियम एस.टी. स्टँडला लागूनच आहे. तिथे उतरले की रिक्षाचा रुपया लागत नाही. पुण्यात तसे नाही. बालेवाडीचे क्रीडासंकुल एका टोकाला, कोथरूड दुसरीकडे. आता स्वारगेटहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून वनाजकडे, म्हणजे कोथरूडच्या बाजूला जाता येते. कोल्हापूरचे खासबाग मैदान 1912 साली शाहू महाराजांच्या काळात तयार झाले. ते अंबाबाईच्या देवळापासून पायी जाण्यासारखे आहे. स्टँड आणि रेल्वे स्टेशन मात्र तिथून लांब, दुसऱ्या अंगाला आहेत.

मी केलेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अंतिम कुस्ती बघायला आम्ही बावीस जण निघालो. प्रवासी गाडीचे भाडे काढले तर माणशी तीनशेच्या वर जात होते. मीच म्हणालो, "कशाला गाडी? आपल्या वळखीचा टेम्पो हाय. डिझेल घालू, शंभरात काम होतंय." सगळ्यांना पटले. गवत अंथरले, वर ताडपत्री टाकली आणि गेलो. कुस्ती झाली, गुलाल उधळला, रात्री अकराच्या पुढे निघालो. दिवसभर टेम्पो चालवलेला गडीच परत चालवीत होता. वाटेत उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता की लाल पट्टी नव्हती. ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. टेम्पो खाली चारीत गेला.

देवाच्या दयेने कोणी दगावले नाही. पण माझ्या चुलतभावाच्या मांडीचे हाड मोडले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, आठ महिने तो अंथरुणावर होता. विम्याची विचारपूस केली तेव्हा कळले, की टेम्पो मालवाहू, आत बसलेल्या माणसांचा विमाच नाही. त्या वर्षीचे त्याचे उसाचे सगळे बिल दवाखान्यात गेले, आणि माझेही निम्मे. तो आजही पाय ओढत बांधावरून चालतो. मला तो कधी बोलला नाही. पण माणशी दोनशे रुपये वाचवायला निघालेला मीच होतो.

कायदा काय म्हणतो

मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर बसला असेल, तर त्याच्यासाठी विम्यात तरतूद आहे. ती 1994 च्या दुरुस्तीने आली. पण फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या इतर माणसांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या निकालात स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही हेच लागू समजा. ट्रॉली उसासाठी आहे, माणसांसाठी नाही.

दुसरी फसगत पांढऱ्या पाटीच्या गाडीची. शेजाऱ्याची मोठी गाडी असते, तो म्हणतो, "बाहेरच्यापेक्षा कमी द्या." पांढरी पाटी म्हणजे खाजगी वापराची गाडी. भाड्याने चालवायचा परवाना पिवळ्या पाटीच्या गाडीला असतो. पैसे घेऊन खाजगी गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. म्हणून भाड्याची गाडी घ्यायची तर पिवळी पाटीच घ्या. परवाना, विमा आणि चालकाचा परवाना डोळ्यांनी बघा. असे बघण्यात कोणाचा अपमान होत नाही.

पहिला प्रश्न : परत कसे यायचे?

बहुतेक मंडळी जाण्याचे बघतात आणि येण्याचे "बघू तिथं" म्हणतात. खरी अडचण तिथेच आहे. या स्पर्धेत गादी विभाग आणि माती विभाग असे दोन भाग असतात. दोन्हींकडचे विजेते शेवटच्या दिवशी संध्याकाळी गदेसाठी भिडतात. त्याआधी सत्कार, भाषणे. ठरलेली वेळ सहसा पाळली जात नाही. निकाल लागला की हजारो माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. तोवर तालुक्याकडची शेवटची एस.टी. गेलेली असते. लॉजवाला दर वाढवून बसलेला असतो. रिक्षावाला तोंडाला येईल ते मागतो.

म्हणून घरून निघण्याआधी दोहोंपैकी एक ठरवा. एक तर त्याच रात्री स्वतःच्या ठरवलेल्या गाडीने परत यायचे, नाहीतर रात्री तिथेच राहून सकाळच्या एस.टी.ने यायचे. दोन्ही अर्धवट ठेवले की दोन्हींचा खर्च पडतो.

गाडीचा हिशेब

समजा पंधरा माणसे आहेत. जाऊन-येऊन 320 किलोमीटर. भाडे किलोमीटरला 26 रुपये, चालकाचा भत्ता 500, टोल व पार्किंग 480.

320 × 26 = 8,320. त्यात 500 आणि 480 मिळवले की 9,300 रुपये. माणशी 620.

आता इथे एक खाच आहे. बहुतेक गाडीवाले दिवस रात्री बाराला संपला असे धरतात, आणि रोजचे कमीत कमी 300 किलोमीटर लावतात. तुम्ही रात्री दोनला गावात पोचला की दोन दिवस झाले. मग 600 × 26 = 15,600, भत्ता दोन दिवसांचा 1,000, टोल व पार्किंग 480. एकूण 17,080. माणशी 1,139 रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त घड्याळाचा काटा पुढे गेला. म्हणून ठरवतानाच बोला, "आम्ही रात्री दोन-तीनला पोचू, दिवस एकच धरायचा." आणि ते कागदावर घ्या. तो कबूल नसेल तर दुपारी उशिरा निघून किलोमीटर वाचत नाहीत, हे ध्यानात ठेवा. दुसरा गाडीवाला बघा.

चालक मात्र दुपारभर झोपलेला पाहिजे. त्याला कुस्ती बघायला आत नेऊ नका. वाईट वाटेल, पण तुमचे पंधरा संसार त्याच्या डोळ्यांवर आहेत.

एस.टी.चा हिशेब

तीच पंधरा माणसे एस.टी.ने गेली तर? समजा तिकीट 240, येऊन-जाऊन 480. शहरातले जाणे-येणे 40, मुक्काम 200. माणशी 720 रुपये. महिलांना 17 मार्च 2023 पासून एस.टी.त निम्मे तिकीट आहे. त्यांचा खर्च 480 वर येतो. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट, आणि 75 च्या वरच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. म्हणजे बरोबर महिला आणि म्हातारी माणसे असतील तर एस.टी. स्वस्त. सगळे तरणे गडी असतील आणि गाडी भरून जात असेल तर गाडी स्वस्त. गाव मोठे असेल तर आगार व्यवस्थापकाला भेटून प्रासंगिक कराराची एस.टी. विचारावी. लग्नाच्या वऱ्हाडाला मिळते तशी ती आपल्यालाही मिळू शकते.

रेल्वेने जायचे असेल तर आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडते, आणि खिडकीवर एका अर्जावर सहाच माणसे बसतात. पंधरा जणांना तीन अर्ज लागतील.

मुक्काम कुठे करावा

मैदानाजवळचे लॉज त्या रात्री महागच मिळणार. तेव्हा असे करावे :

1. देवस्थानांची भक्तनिवासे बघा. कोल्हापूरला अंबाबाईच्या परिसरात यात्री निवास आणि धर्मशाळा आहेत. अहिल्यानगरहून उत्तरेकडे जाणाऱ्यांना शिर्डी वाटेवर, सुमारे 80-85 किलोमीटरवर आहे. पण देवाचा वार बघा. शिर्डीला गुरुवारी, अंबाबाईला मंगळवार-शुक्रवारी, पंढरपूरला एकादशीला जागेची आशा धरू नका.

2. भक्तनिवासाच्या नावाने खोटी संकेतस्थळे आणि खोटे फोन नंबर निघाले आहेत. फोनवर कोणी आगाऊ पैसे मागितले तर देवस्थानाच्या कार्यालयात खात्री केल्याशिवाय पाठवू नका.

3. फाटक किती वाजता बंद होते, हे पहिल्यांदा विचारा. पुष्कळ धर्मशाळांत दहाला कुलूप लागते. कुस्ती साडेदहाला संपली तर पैसे भरून रात्र रस्त्यावर काढावी लागेल.

4. शाळा-कॉलेजची वसतिगृहे सुटीत रिकामी असतात. शाळेचे किंवा तालमीचे पत्र घेऊन पंधरा दिवस आधी भेटावे. मंगल कार्यालयाचा हॉलही मिळतो, पण त्या दिवशी लग्नाची तिथी नको.

5. शासकीय विश्रामगृहाच्या भरवशावर राहू नका. ऐनवेळी साहेब आले की आपली खोली गेली.

6. पाव्हण्यांकडे उतरायचे तर दोघांनी, फार तर तिघांनी. पंधरा गडी दारात उभे राहिले की पाव्हणी हसून स्वागत करते आणि आत जाऊन पीठ मोजते. आणि जाताना गूळ, शेंगा, हातात काहीतरी असू द्या.

पोरगं किंवा पोरगी खेळणारी असेल तर

आपल्या भागातल्या तालमींतली मुले खेळायला जातात. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. तेव्हापासून मुलींनाही वडील हौसेने आखाड्यात नेऊ लागले आहेत. लक्षात ठेवा, संयोजक राहण्याची सोय करतात ती खेळाडू आणि त्यांच्या वस्तादांची. आई-बापांची नव्हे. मुलींसाठी वेगळी खोली आणि बरोबर एक जाणती बाई आहे का, हे आधी विचारावे. वजनाच्या दिवशी पहाटे उठावे लागते, म्हणून खेळाडूचा मुक्काम मैदानाजवळच हवा. इथे शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

पैसे आधी, गाडी नंतर

पंधरा जण हो म्हणतात आणि निघायच्या दिवशी दहाच येतात. कोणाची तोड आली, कोणाच्या पाण्याची पाळी आली. गाडीचे 9,300 मात्र तेवढेच राहतात. माणशी 620 चे 930 होतात, आणि मग भांडणे लागतात. म्हणून नाव देतानाच निम्मी रक्कम घ्यावी, एका माणसाने वहीत लिहावी, आणि परत आल्यावर सर्वांसमोर हिशेब वाचावा. कारखान्याच्या सभेत आपण ताळेबंद मागतो, तसाच इथेही मागावा. ज्याच्या शेतात त्या आठवड्यात तोड आहे त्याने जाऊ नये, हे तर सांगायलाच नको.

घरी करावयाचा अभ्यास

अकरा माणसे. जाऊन-येऊन 400 किलोमीटर. दर 25 रुपये, भत्ता रोजचा 500, टोल व पार्किंग 500.
(अ) एकाच दिवसात परत आल्यास माणशी किती?
(ब) तिघे ऐनवेळी गळाल्यास किती?
(क) अकराही जण आले, पण रात्री बारानंतर पोचल्याने दोन दिवस धरले तर किती?
उत्तरे : (अ) 1,000 (ब) 1,375 (क) 1,500.

हा हिशेब घरातल्या शाळकरी पोराकडून करून घ्या. त्यालाही कळेल की बापाचा पैसा कुठे जातो.

शेवटी एकच विनंती. आपल्या ट्रॉलीला मागे लाल पट्टी आणि दिवा आहे का, हे आज संध्याकाळी बघा. त्या रात्री आम्ही टेम्पोत होतो आणि ट्रॉली दुसऱ्याची होती. पुढच्या वेळी टेम्पो दुसऱ्याचा आणि ट्रॉली आपली असू शकते.