वारा खालून येतो गं

सासूबाई सोबत आहेत म्हणून तू जाड रजया घेतल्यास, छान केलंस. पण बघ, रजई पांघरायची वरून आणि टेंटमध्ये थंडी शिरते खालून. मेअखेरीसही लेक डिस्ट्रिक्टमध्ये रात्री पारा सहा-सात अंशांवर सहज उतरतो. तेव्हा रजया ठेव बाजूला आणि आधी टेंटचा तळ बघ.

तुला मिळालाय तो जुन्या पद्धतीचा, ग्राउंडशीट वेगळी असलेला. घाबरू नकोस गं. भिंतींच्या खालच्या कडेला वीतभर प्लॅस्टिकची झालर लोंबतेय ना, तोच मड फ्लॅप. तो आत दुमडून जमिनीवर सपाट पसरायचा आणि त्याच्यावर ग्राउंडशीट घालायची. हा क्रम अजिबात बदलू नकोस. भिंतीवरून ओघळलेलं पाणी मग शीटच्या खालून जमिनीत मुरतं. शीट खाली आणि फ्लॅप वर ठेवलास, तर तेच पाणी शीटवर येतं आणि सकाळी पोरांच्या चपला परातीतल्या पुऱ्यांसारख्या तरंगतात. हिमालयातल्या मोहिमांचे फोटो बघून फसू नकोस हं, तिथे झालर बाहेर पसरून तिच्यावर बर्फ लोटतात. खरं सांगू का, मी एकदा तशीच बाहेर पसरून वर दगड मांडले होते. शेजारच्या टेंटमधले आजोबा फार सभ्य, हवामानाबद्दलच बोलत राहिले.

शीटची कड चारही बाजूंनी चार बोटं वर उचल आणि कपड्यांच्या चिमट्यांनी आतून अडकव. खालून घुसणारा वारा तिथेच अडतो. पण शीटचं टोक बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी त्यावर जमून सरळ आत येईल.

खुंट्या ठोकायच्या आधी दारांच्या सगळ्या चेनी लाव. उघड्या दारानं टेंट ताणलास तर नंतर चेन लागत नाही, ओढाताण होते आणि भिंत वर उचलली जाऊन फ्लॅप जमिनीपासून सुटतो. जमीन उंचसखल असेल तिथे तो तसाही अधांतरी राहतो. मग वाऱ्याच्या बाजूला शीटच्या कडेवर बॅगा, डबे, पाण्याचा कॅन ओळीनं मांडून टाक. फक्त भिंतीला टेकवू नकोस. तुझा टेंट सुती कॅनव्हासचा आहे, पावसात आतून काही टेकलं की तिथेच झिरपायला लागतो.

दारात फ्लॅप नसतोच. तिथे जुना टॉवेल गुंडाळून ठेव. आणि दार नैर्ऋत्येला येऊ देऊ नकोस, ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा वारा तिकडूनच येतो.

आता एक गोष्ट मोठ्या बहिणीच्या धाकानं सांगते. खालचा वारा बंद करायचा, वरच्या खिडक्या नाहीत! तुम्ही पाच जण रात्रभर श्वास सोडणार, त्याची वाफ बाहेर गेली नाही तर पहाटे छतातून टपटप सुरू होईल. ते एक वेळ चालेल. पण सासूबाईंना ऊब म्हणून विझत आलेली बार्बेक्यूची शेगडी आत घेतलीस, तर माझ्याशी गाठ आहे. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला ना वास, ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. टेंटमध्ये गॅसची शेगडीही पेटवायची नाही, चहासाठीसुद्धा नाही.

ऊब हवी तर अंथरुणात वाढव. हवेच्या गादीत आतली हवाच गार पडते, म्हणून तिच्यावर जाड गोधडी घाल आणि मग झोपा. सासूबाईंना गुडघ्यांमुळे घडीची खाट देशील, तर तिच्याखालूनही गारवा लागतो. एक रजई त्यांच्या अंगाखाली जाऊ दे, त्या कुरकुरल्या तरी.

साइटवाल्यांना आधीच फोन करून विचार. गवत मरतं म्हणून काही ठिकाणी हवा खेळणारीच शीट लागते, साधी ताडपत्री चालत नाही. परत आलीस की सगळ्यात आधी फ्लॅपवरचा चिखल धुऊन वाळव, कारण बुरशी धरते ती तिथूनच. आणि निघण्याआधी, शनिवारी घरामागच्या बागेत टेंट एकदा उभा करून बघ आणि खुंट्या मोजून घे. लाकडी हातोडा माझ्याकडे आहे, उगाच नवा घेऊ नका.