विसण किती घालायचं?

अगं, मालिशवाल्या मावशींच्या हातावर विसंबू नकोस. बाई गुणाच्या आहेत, पण रोज चार घरचं कढत पाणी उपसून त्यांचे तळवे निबर झालेत. त्यांना कोमट लागतं, ते छकुलीला पोळतं.

तिला पाणी हवं ३७-३८ अंशांचं, म्हणजे अंगाइतकंच ऊन. तुझ्या गीझरचं ६० धर, नळाचं २४. तू म्हणशील, निम्मं-निम्मं घालू. ते होतं ४२. तुला-मला झकास, तिला नाही.

गरम पाणी जेवढी उष्णता सोडतं, तेवढीच गार पाणी घेतं. सगळं गणित एवढंच. ३८ वर यायला गरम पाण्याला २२ अंश उतरायचंय, गार पाण्याला १४ च चढायचंय. म्हणून आकडे उलटे घ्यायचे: १४ भाग गरम, २२ भाग विसण. म्हणजे ७ ला ११. टबात नऊ लिटर घेत असशील तर साडेतीन गरम, साडेपाच गार. (हे गणित मांडणारे शास्त्रज्ञ रिखमान सेंट पीटर्सबर्गचे. १७५३ मध्ये विजेचा प्रयोग करताना वीज अंगावर येऊन गेले बिचारे!)

पण एकदा मोजलेले तांबे वर्षभर चालत नाहीत हो. थंडीत टाकीतलं पाणी १६ वर आलं, की निम्मं-निम्मंच बरोबर. मे महिन्यात दुपारी गच्चीवरची टाकी तापून ३४ झाली, तर ११ तांब्यांना गरम दोनच पुरे. वीज गेली आणि गॅसवर उकळलंस, तर एका तांब्याला २४ चं गार साडेचार तांबे.

टब आणि हवा थोडी ऊब खातात, त्यामुळे हिशेबापेक्षा पाणी जरा कमीच भरतं. ते चालेल. गीझरवरच्या आकड्यावर मात्र जाऊ नकोस, नळीतलं आधीचं पाणी गारच येतं. साधा पाण्याचा थर्मामीटर आण, सासूबाई हसल्या तर हसू देत.

टबात आधी गार, मग गरम. तळापासून ढवळ, नाहीतर वर कढत आणि खाली गार राहतं. मग कोपर बुडवून बघ, बोटं नकोत. आणि ती टबात असताना वरून गरम ओतायचं नाही, आई म्हणाली तरी. पाणी निवलं तर तिला बाहेर काढ, पंच्यात गुंडाळून कुणाकडे तरी दे, मग ओत.