ठिपका पडला तिथली माती

पोरी, पुरंदर तालुक्यातल्या मातीचे नमुने घ्यायला निघाली आहेस, त्याआधी माझ्यापाशी दोन घटका बस. माती तपासण्यात माझं आयुष्य गेलं. आमच्या वेळी टोपोशीट, ट्रेसिंग पेपर आणि यादृच्छिक आकड्यांचं छापील कोष्टक एवढंच साहित्य होतं. तुझ्याकडे क्यूजीआयएस आहे, ते फुकट मिळतं आणि आमचं आठवड्याचं काम पाच मिनिटांत उरकतं. पण त्याला नकाशावर नमुन्याच्या जागांचे ठिपके टाकायला सांगण्याआधी काय ठरवायचं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

अख्ख्या तालुक्यावर सरसकट शंभर ठिपके उधळलेस, तर बहुतेक डोंगरउताराच्या मुरमाड रानात पडतील आणि कऱ्हेकाठच्या काळ्या पट्ट्याच्या वाट्याला मोजकेच येतील. म्हणून आधी स्तर पाड: मुरमाड, मध्यम, भारी काळी. शेतकरी जमीन ज्या नावांनी ओळखतो, त्या नावांवर माझा भरवसा आहे. हवं तर बागायत-जिरायत अशी आणखी एक फोड कर. सहा स्तर झाले की थांब. हौसेने वीस-वीस स्तर पाडले की एखाद्या छोट्या स्तराला एकच नमुना येतो, आणि एका नमुन्यावरून स्तराच्या आतली तफावत काढता येत नाही. दोन तरी हवेतच.

गावठाण, रस्ते, तलाव, वनखात्याची जमीन हे सगळं ठिपके टाकण्याआधी नकाशातून कापून टाक. उरलं तेवढंच तुझं क्षेत्र, आणि अहवालात तसं स्वच्छ लिही.

आता सॉफ्टवेअरमधल्या दोन खाचा. पहिली, नकाशा अंशांत असेल तर 'दोन ठिपक्यांत किमान अंतर 200' याचा अर्थ ते 200 अंश असा घेईल. आधी थर मीटरमध्ये आण. पुण्याला यूटीएम झोन 43 उत्तर, कोड 32643. उद्या विदर्भात काम मिळालं तर लक्षात ठेव, 78 रेखांशाला झोन बदलतो: अमरावती शहर 43मध्ये, वर्धा 44मध्ये. दुसरी खाच जास्त घातक आहे. काळ्या जमिनीचे नकाशावर चाळीस तुकडे असतील आणि तू 'प्रत्येक पॉलिगॉनमध्ये 20 ठिपके' म्हणालीस, तर वीसऐवजी आठशे पडतील. शिवाय बोटभर तुकड्यालाही वीस आणि अर्ध्या गावाएवढ्या तुकड्यालाही वीसच. आधी 'डिझॉल्व्ह' करून एका स्तराचे सगळे तुकडे एकत्र कर, मग 'रँडम पॉइंट्स' चालव.

कुठल्या स्तराला किती नमुने, हा खरा विचाराचा भाग. समज, मुरमाड 60 टक्के, मध्यम 30, काळी 10. शंभर नमुने क्षेत्राच्या प्रमाणात वाटले तर 60, 30, 10. पण मुरमाड रान बरंचसं एकसारखं असतं. काळ्या पट्ट्यात मात्र एक वावर सुपीक आणि शेजारचं चोपण. जिथे तफावत जास्त तिथे नमुने जास्त, हे गणित संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी 1934 साली मांडलं. क्षेत्राला तफावतीने गुणायचं आणि त्या प्रमाणात वाटायचं. तफावत 2, 4, 6 धरली तर गुणाकार 120, 120, 60 येतात आणि वाटणी 40, 40, 20 होते. तफावतीचा अंदाज जुन्या अहवालातून घे, नाहीतर आधी थोडे नमुने घेऊन काढ.

आणि इथेच भलेभले घसरतात. सरासरी काढताना क्षेत्राचं वजन परत लावायला विसरतात. सेंद्रिय कर्ब तीन स्तरांत 0.3, 0.6 आणि 0.9 टक्के आला असं धर. शंभर आकड्यांची सरळ सरासरी 0.54 येते, क्षेत्राचं वजन लावून 0.45. अर्धा टक्का ही तीन वर्गांच्या नेहमीच्या कोष्टकात 'कमी' आणि 'मध्यम' यांच्यातली रेषा आहे. म्हणजे एका चुकीने अख्खा तालुका वरच्या वर्गात जाऊन बसला, आणि खताची शिफारसही तशीच चुकणार.

रानात गेल्यावर काय होतं, तेही सांगतो. बांधावर उभी राहून तू मोबाइल बघतेस. ठिपका समोरच्या दगडगोट्याच्या कोपऱ्यात. शेतकरी येतो, पाणी देतो आणि मनापासून म्हणतो, "ताई, ह्यो कोपरा नका घेऊ, काय पिकत न्हाई तिथं. विहिरीकडची माती घ्या, लोण्यासारखी हाय." त्याला वाईट वाटू देऊ नकोस. विहिरीकडचीही माती घे, वेगळ्या पिशवीत, त्याच्या नावाने, आणि तो अहवाल त्याला आठवणीने पोचव. पण तुझा नमुना त्या कोपऱ्यातलाच. खुरप्याने 'व्ही' आकाराचा, 15 सेंटिमीटर खोल खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने. आसपासच्या आठ-दहा जागांची अशी माती एकत्र करायची, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नकोस. चिठ्ठी पेन्सिलने लिही, एक पिशवीत, एक बाहेर.

ठिपका घरावर किंवा विहिरीत निघाला, किंवा मालक नको म्हणाला तर? त्यासाठी प्रत्येक स्तरात थोडे राखीव ठिपके आधीच पाडून ठेव आणि क्रमानेच वापर, कारण वहीत लिहून. चढ आहे, ऊन आहे, गाडी जात नाही, ही कारणं त्यात धरायची नाहीत. आमच्या एका गटाने रस्त्यालगतचेच नमुने आणले होते. रस्त्यालगत बागायत, मागे जिरायत. सगळा तालुका बागायती दिसला. मोसम फुकट गेला.

नकाशात मुरमाड आणि पायाखाली काळी निघाली तर दिसलं ते लिही, पण नमुना मूळ स्तरातच मोज. 1:2,50,000 च्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सव्वाशे मीटर असते. तुझ्या मोबाइलचं जीपीएससुद्धा मोकळ्या रानात पाचेक मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून बाण थांबला की तिथेच खुरपं टाक. दोन पावलं चांगल्या मातीकडे सरकायचं नाही. दोन पावलांनी काय होतं, हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं आहे. कापणीचा तुकडा लहान असला की कडेवरची ताटं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. कापणारे प्रामाणिकच होते.

उद्या निघण्याआधी ठिपके पाडताना वापरलेला 'सीड'चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. त्या आकड्यावरून आणि याच थरांवरून कुणालाही तुझे तेच ठिपके पुन्हा पाडून बघता येतील.