फितींचा राखणदार

मुंबईच्या गिरगावात पूर्वी कोरोनेशन नावाचे एक चित्रपटगृह होते. ३ मे १९१३ रोजी तेथे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांसाठी प्रथम दाखविण्यात आला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभ आपण त्या दिवसापासून मोजतो. परंतु आज एखाद्या विद्यार्थ्याने, "गुरुजी, तो चित्रपट मला पाहावयाचा आहे," असे म्हटले, तर त्यास काय उत्तर द्यावे? चार रिळांच्या त्या चित्रपटाची पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे शिल्लक आहेत. तीही १९१३ सालची, की फाळक्यांनी १९१७ साली तेच कथानक पुन्हा चित्रित केले त्यातील, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे.

असे का व्हावे? ग्रंथ शंभर वर्षे टिकतो, ताम्रपट हजार वर्षे टिकतो. मग चित्रपटच का नाहीसा व्हावा? याचे कारण ज्या वस्तूवर तो उमटलेला असतो, तिच्यात आहे. जुन्या काळी चित्रपटाची फीत सेल्युलोज नायट्रेट या द्रव्याची बनवीत. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचे हे जवळचे भावंड होय. ते एकदा पेटले, की जळण्यास लागणारा प्राणवायू स्वतःच पुरविते. त्यामुळे अशी फीत पाण्यात बुडविली तरी विझत नाही. आगीपासून ती वाचली तरी आपल्या उष्ण व दमट हवेत सडू लागते. प्रथम चित्रे फिकी पडतात, मग फितीचे थर एकमेकांस चिकटतात आणि अखेरीस डब्यात तपकिरी भुकटी तेवढी उरते.

याखेरीज आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे माणूस. फितीवरील कृष्णधवल चित्र हे चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांस गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा जुन्या फिती धुऊन चांदी काढून घेणे हाच पुष्कळांस फायद्याचा व्यवहार वाटला. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले असे मानतात. त्यांतील पूर्ण स्वरूपात उरलेले बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. बाबूराव पेंटर यांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' हा मूकपट आज आपणांस पाहावयास मिळत नाही.

जे थोडेबहुत वाचले, त्याच्या मागे ज्या गृहस्थांचे कष्ट आहेत, त्यांचे नाव पी. के. नायर.

नायर यांचा जन्म ६ एप्रिल १९३३ रोजी तिरुवनंतपुरम येथे झाला. बालपणी चित्रपटगृहातील वाळूवर बसून त्यांनी पौराणिक चित्रपट पाहिले. खेळ संपल्यावर इतर मुले घरी जात. हा मुलगा मात्र तिकिटाचा उरलेला तुकडा जपून ठेवी. त्या काळी वजनाच्या यंत्रातून जे छापील तिकीट बाहेर पडे, त्यावर नटनट्यांची चित्रे असत. तीही तो गोळा करी. मुलांच्या खिशातून असले कपटे काढून केराच्या टोपलीत टाकणारे आम्ही शिक्षक! त्यांतील एखादा कपटा जपून ठेवावा, असे आमच्या मनात कधी आले नाही.

१९५३ साली विज्ञानाची पदवी घेऊन नायर मुंबईस आले, ते चित्रपट-दिग्दर्शक होण्याच्या इच्छेने. मेहबूब खान, बिमल रॉय, हृषीकेश मुखर्जी अशा नामवंतांच्या हाताखाली त्यांनी काम पाहिले. परंतु दिग्दर्शनास लागणारे गुण आपल्या अंगी नाहीत, असे त्यांचे त्यांनाच कळून आले. स्वतःविषयी असा निवाडा देणे सोपे नसते. चित्रपट निर्माण करण्यापेक्षा त्याचा अभ्यास करण्याकडे आपला कल आहे, हे ओळखून मार्च १९६१ मध्ये ते पुण्याच्या चित्रपट संस्थेत संशोधन साहाय्यक म्हणून रुजू झाले. 'संत तुकाराम' ज्या प्रभात स्टुडिओत तयार झाला, त्याच्याच आवारात ही संस्था १९६० साली स्थापन झाली होती.

फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पुण्यास स्थापना झाली आणि पुढल्या वर्षी नायर तेथे साहाय्यक अभिरक्षक झाले. संग्रहालय म्हटले, म्हणजे आधी संग्रह हवा. जुन्या निर्मात्यांच्या गोदामांत, वितरकांच्या अडगळीत, नातलगांच्या माळ्यांवर जे काही गंजक्या डब्यांतून पडले होते, ते शोधण्यास नायर निघाले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची ती दोन रिळे आणि १९१९ सालचा 'कालिया मर्दन' त्यांच्याच प्रयत्नांमुळे संग्रहात आला. 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे. शंभर वर्षांपूर्वीचे तिचे ते खोडकर हसू आज आपण पाहू शकतो.

प्रत्येक वेळी यश येईच असे नाही. आर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला होता. नायर इराणींना भेटले, तेव्हा त्या वृद्ध निर्मात्याने काही रिळे कोठेतरी पडलेली असतील, असे आश्वासन दिले. परंतु चांदीसाठी ती केव्हाच मोडीत गेली होती, आणि हे घरातील माणसांनी नायरांना बाजूस घेऊन सांगितले, असे नायर सांगत. म्हाताऱ्याच्या देखत ते बोलण्याचे धैर्य कोणास झाले नसावे.

याउलट 'मार्तंड वर्मा'ची हकीकत पाहा. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या मल्याळी कादंबरीवरून निघालेला हा मूकपट १९३३ साली तिरुवनंतपुरम येथे झळकला. निर्मात्याने कादंबरीच्या प्रकाशकाची परवानगी घेतली नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले, चित्रपटाचे खेळ थांबले आणि त्याची प्रत प्रकाशकाच्या ताब्यात गेली. निर्माता यात बुडाला. परंतु पुस्तकांच्या दुकानदारास चित्रपटाचा काय उपयोग? प्रत तशीच पडून राहिली. गावोगाव फिरली असती, तर ती झिजून तुटून गेली असती. कज्ज्यात अडकली, म्हणून वाचली. चाळीस वर्षांनी, १९७४ साली, नायरांनी ती संग्रहालयासाठी मिळविली. ज्या नगरात त्यांनी तिकिटांचे तुकडे गोळा केले, त्याच नगरात ही ठेव दडलेली होती.

अशी प्रत हाती आली, म्हणजे काम संपत नाही. फीत हलक्या हाताने उलगडावी लागते, फाटलेल्या कडा सांधाव्या लागतात, विस्कटलेल्या तुकड्यांचा क्रम लावावा लागतो आणि मग तीवरून न पेटणाऱ्या फितीवर नवी प्रत उतरवून घ्यावी लागते. हजार फुटांच्या एका रिळात सोळा हजार चित्रे असतात. बोलपटाच्या गतीने ती अकरा मिनिटांत सरतात. नायर असे चित्रपट रात्री पडद्यावर चालवून स्वतः पाहत आणि काळोखात वहीवर टिपणे घेत. कोणते दृश्य कोणत्या रिळात आहे, हे ते तोंडपाठ सांगत, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी सांगतात. आणि हा मनुष्य कोंडून ठेवणारा कोठावळा नव्हता. संग्रहालयातील चित्रपट त्यांनी दूरवरच्या खेड्यांतही धाडले. कर्नाटकातील हेग्गोडूच्या शेतकऱ्यांनी 'पथेर पांचाली' पाहिला, तो अशाच प्रकारे.

चांगले तेवढे ठेवावे आणि सुमार ते टाकून द्यावे, हे नायरांस मान्य नव्हते. चांगले कोणते, हे आजच कोणी ठरवावे? उदय शंकर यांचा 'कल्पना' हा नृत्यप्रधान चित्रपट १९४८ साली फारसा चालला नाही. त्याची प्रत संग्रहात राहिली. तीवरून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला आणि २०१२ साली फ्रान्समधील कान महोत्सवात झळकला.

एप्रिल १९९१ मध्ये नायर संचालकपदावरून निवृत्त झाले, तेव्हा संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट होते. त्यांतील ८,००० भारतीय. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फितींच्या कोठारास आग लागली आणि शेकडो चित्रपटांच्या नायट्रेट प्रती भस्मसात झाल्या. आयुष्यभर ज्या आगीचे भय बाळगले, ती नायरांना निवृत्तीनंतर, कोठाराच्या किल्ल्या हाती नसताना पाहावी लागली. तरीही ते पुण्यातच राहिले. शिवेंद्र सिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट काढला, तो २०१२ साली पूर्ण झाला.

४ मार्च २०१६ रोजी नायर पुण्यात निवर्तले. 'आलम आरा'ची प्रत त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. ती अद्यापि कोणासच सापडलेली नाही.